अजगर पाळणे हे व्रतच होय

श्रावण शुद्ध पंचमीचा दिवस उजाडला म्हणजे महाराष्ट्रातील घराघरांत पाटावर गंधाने नागाची आकृती रेखाटली जाते. कोणाकडे कुंभाराकडून मातीचा नाग येतो, कोणी भिंतीवर काव किंवा खडूने नवनागांचे चित्र काढतात. दूर्वा, आघाडा, लाह्या वाहून पूजा होते. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, विळी हाती घेतली जात नाही, शेतकरी नांगर धरीत नाही. पुरणाची दिंडे उकडून नैवेद्य दाखविला जातो. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्ले सापडली आणि त्या एका चुकीपायी एका शेतकऱ्याच्या घरावर अनर्थ ओढवला, ही कहाणी आपल्या आयाबहिणींना तोंडपाठ असते. जमिनीखाली राहणाऱ्या एका मुक्या जीवासाठी वर्षातून एक दिवस अवघ्या घराने आपले हात आवरते घ्यावेत, हे या सणाचे मर्म होय.

या सणाच्या चार दिवस आधी, गेल्या वर्षी, आम्हांस इंग्लंडहून आमच्या थोरल्या भगिनीचा दूरध्वनी आला. अक्का गेली काही वर्षे लेस्टर शहरी आपल्या मुलाकडे राहते. तेथेही ती पाट मांडते, नाग काढते, दिंडे उकडते. तिचा स्वर त्या दिवशी नेहमीचा नव्हता. चौदा वर्षांच्या नातीने घरात अजगर पाळण्याचा हट्ट धरला होता. “अरे, ज्याची आपण पूजा करतो त्याला ही पोर काचेच्या पेटीत घालून ठेवणार म्हणते. वर त्याला खायला उंदीर! तू सणावारांवर लिहितोस ना? मग तूच सांग, हे पाप की पुण्य?” असा तिचा सरळ प्रश्न होता.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत, आणि पुढे वर्षभरात, जे वाचले, विचारले आणि पाहिले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न अक्काच्या घरचा असला तरी त्याचे मूळ आपणा सर्वांच्या देवघरात आहे, असे आम्हांस वाटते.

शास्त्रांतील अजगर

आपल्या ग्रंथांत नागाला जसे स्थान आहे तसे अजगरालाही आहे. महाभारताच्या वनपर्वात नहुष राजाची कथा येते. इंद्रपदाच्या मदाने ऋषींचा अपमान केल्यामुळे तो अजगर होऊन पडला. त्याने भीमाला विळखा घातला, तेव्हा भीमाचे अफाट बळही उपयोगी पडले नाही. अखेर धर्मराजाने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्यायोगे भीम सुटला, नहुषही सुटला. अजगराशी गाठ पडली असता बळाने काही साधत नाही, समजुतीने साधते, असा बोध या कथेतून घेण्यास हरकत नसावी.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत अजगर हा एक गुरू आहे. जे आपसूक समोर येईल, मग ते थोडे असो वा फार, गोड असो वा बेचव, त्यात समाधान मानावे, आणि काहीच न आले तर धीराने स्वस्थ राहावे, ही त्याची शिकवण. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी आपली प्राकृत टीका काशी क्षेत्री शके १४९५ मध्ये पूर्ण केली आणि ती मराठी घरांत आजही वाचली जाते. सातव्या स्कंधातही अजगरवृत्तीने राहणाऱ्या मुनीची आणि प्रल्हादाची भेट वर्णिली आहे. अजगर उपवासाला भीत नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिली होती, असेच यावरून दिसते. या निरीक्षणाचा प्रत्यय अक्काच्या घरी पुढे कसा आला, ते सांगूच.

सर्पपूजा केवळ आपलीच नव्हे. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेनिन नावाचा देश आहे. तेथील विदा या गावी अजगरांचे मंदिर असून त्यात डझनावारी जिवंत अजगर मोकळे राहतात. तेथील परंपरेत हे अजगर दान्बे या देवतेचे रूप मानले जातात. रात्री ते गावात हिंडावयास जातात. कोणाच्या घरात शिरले तर गृहस्थ त्यांस मारीत नाही, पाहुण्यासारखे वागवून परत मंदिरी पोचवितो. मंदिरासमोरच ख्रिस्ती लोकांचे मोठे प्रार्थनामंदिर उभे आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी नांदत आहेत. नवल असे की, अक्काच्या नातीने जो अजगर पाळावयाचे मनात आणले होते, तो याच जातीचा.

कोणता अजगर निवडावा?

ज्यांनी पूर्वी कधी साप पाळला नाही, त्यांना इंग्लंड-अमेरिकेतील जाणते पालक बहुधा याच जातीचे नाव सुचवितात. शास्त्रज्ञ हिला पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर म्हणतात. इंग्लंडात रॉयल पायथन आणि अमेरिकेत बॉल पायथन ही नावे रूढ आहेत. भय वाटले म्हणजे हा प्राणी चावावयास धावत नाही, तर डोके मध्ये लपवून अंगाचा चेंडू करून घेतो, त्यावरून दुसरे नाव पडले. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ माळरानांत, उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत त्याचा वास असतो. वारुळातला देव ही आपली कल्पना त्या मुलखातही लागू पडावी, हा योगायोग मोठा गोड आहे.

पूर्ण वाढलेली मादी तीन ते पाच फूट लांब होते आणि नर काहीसा लहान राहतो. विष नाही, स्वभाव संथ, आकार हाताळण्याजोगा. नवशिक्याला शिफारस होते ती या तीन कारणांमुळे. ऑस्ट्रेलियातील चिल्ड्रन्स पायथन हा सुमारे तीन फुटांचा अजगरही पुष्कळांना मानवतो. मात्र त्याच्या नावाचा मुलांशी काही संबंध नाही. ब्रिटिश म्युझियममधील जॉन जॉर्ज चिल्ड्रन या गृहस्थांच्या सन्मानार्थ ते नाव दिले गेले आहे. नावावर भुलून मुलांचा खेळ म्हणून तो कोणी घेऊ नये.

नवशिक्याने ज्यांच्या वाटेस जाऊ नये असे दोन अजगर आहेत. एक ब्रह्मदेशाकडचा, म्हणजे बर्मीज पायथन, आणि दुसरा जाळीदार अजगर. दुकानात हातभर दिसणारे पिल्लू काही वर्षांत दहा फुटांच्या पुढे जाते, आणि मग घरातली माणसे त्याला भिऊ लागतात. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतात काय झाले ते सर्वविदित आहे. हौस फिटल्यावर लोकांनी सोडून दिलेले आणि पैदासघरांतून निसटलेले बर्मीज अजगर तेथील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात पसरले. ससे, रॅकून यांसारखे प्राणी त्या प्रदेशातून जवळजवळ दिसेनासे झाले. २०१२ साली अमेरिकन शासनाने या जातीच्या आयातीस बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. २०१७ च्या जानेवारीत फ्लॉरिडाच्या वन्यजीव विभागाने तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या दोन जाणत्या सर्पशोधकांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना, तेथे बोलाविले. ज्या अजगरांचा माग तेथील लोकांना लागत नव्हता त्यांचा माग या दोघांनी पहिल्या काही आठवड्यांतच काढून दिला. २०२३ साली भारत सरकारने दोघांस पद्मश्री देऊन गौरविले. एका देशातील हौशी लोकांच्या चुकीचे निवारण करण्यास दुसऱ्या देशातील वनवासी ज्ञान कामी यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आयुष्याचा हिशेब

जात ठरली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. पहिला प्रश्न वयाचा. राजेशाही अजगर माणसाच्या घरी वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या प्राणिसंग्रहालयात या जातीची एक मादी १९६१ साली एका खासगी पालकाकडून आली होती. २०२० च्या जुलैत, वयाची साठी उलटून गेल्यावर, तिने सात अंडी घातली, आणि तीही किमान पंधरा वर्षे नराचा सहवास नसताना! हे वृत्त ऐकून अक्का म्हणाली, “म्हणजे हा माझ्या बरोबरीचा. पोर उद्या शिकायला परगावी जाईल, मग याचे कोण करणार?”

या एका प्रश्नाने घरातील वादाला खरी दिशा मिळाली. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही, आणि अशा मुलाकडे असलेल्या प्राण्याची जबाबदारी त्याच्या पालकावर येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजगर नातीचा नसून आमच्या भाच्याचा होणार होता. भाच्याने आठवडाभर विचार केला आणि सर्वांसमक्ष शब्द दिला की, मुलगी शिकावयास गेली तरी प्राण्याचा सांभाळ आपण करू. लग्नकार्यात साक्षीदार लागतात तसे अक्काने त्या शब्दास स्वतःला साक्षी ठेविले.

दुसरा प्रश्न, प्राणी कोठून आणावा. दरसाल घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून या जातीचे हजारो जीव बाहेर पाठविले जातात. त्यांतील पुष्कळ पिल्ले रानातून धरलेल्या गाभण माद्यांची किंवा बिळांतून उकरलेल्या अंड्यांची असतात. याच व्यापारामुळे निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही जात आता संकटाच्या उंबरठ्यावर मोजली जाते. रानातून आलेला प्राणी बहुधा अंगावर किडी आणि पोटात जंत घेऊन येतो, घाबरलेला असतो आणि महिनोन्महिने अन्न घेत नाही. तेव्हा विकत घ्यावयाचाच तर पिढ्यान्पिढ्या माणसांच्या देखरेखीखाली वाढलेल्या घराण्यातला घ्यावा, आणि पालकाने त्याच्या जन्माचा व जेवणाचा लेखी तपशील मागून घ्यावा.

घेण्यापूर्वी प्राणी हाती घेऊन पाहावा. निरोगी अजगराचे अंग भरीव आणि पाठ गोलसर असते, पाठीचा कणा टोकदार वर आलेला नसतो. डोळे स्वच्छ असावेत, मात्र कात टाकण्यापूर्वी ते निळसर दुधाळ होतात, तो रोग नव्हे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून फेस किंवा बुडबुडे येणे, ही छातीच्या रोगाची लक्षणे होत. खवल्यांच्या फटींत काळे ठिपके हालताना दिसले तर त्या रक्त पिणाऱ्या किडी समजाव्यात. हल्ली रंगांच्या हौसेपायी नाना वर्णांचे अजगर पैदा केले जातात. त्यांतील स्पायडर या नावाच्या वाणात जन्मजात दोष असतो, त्याचे डोके डुगडुगत राहते आणि तोल सावरत नाही. रूपाच्या मोहाने असा दोष पुढे चालू ठेवणे हे दयेला धरून नाही. शेवटी, विकणाऱ्यास सांगावे की, आमच्यासमोर याला एकदा जेवू घाला. जो जेवतो तो पुढे तगतो.

आमच्या भाच्याच्या घरी यातील काहीच विकत घ्यावे लागले नाही. त्या शहरापासून काही अंतरावर टाकलेल्या प्राण्यांचे एक आश्रयस्थान आहे. तेथे नऊ वर्षांचा एक नर अजगर कित्येक महिने पडून होता. पूर्वीच्या मालकाने पेटीखालच्या उबेच्या गादीला नियंत्रक लावला नव्हता, त्यामुळे त्याच्या पोटावर भाजल्याचे लांब व्रण होते. तिघेजण पाहावयास गेले. बाकीचे रंगीत, तरुण अजगर दाखविले जात असता अक्का त्या व्रणांजवळ थांबली. कहाणीतल्या फाळाने फाटलेली पिल्लेच आपल्याला आठवली, असे तिने नंतर आम्हांस सांगितले. “आणायचाच तर हा आणा,” इतकेच ती बोलली.

पेटी नव्हे, वारूळ

साप पेटीत कोंडणे हे पाप काय, या अक्काच्या मूळ प्रश्नाचे उत्तर पेटी कशी आहे यावर अवलंबून आहे, असे आमचे मत झाले. अजगर स्वतःच्या अंगात ऊब निर्माण करीत नाही, ती तो जागेपासून घेतो. म्हणून पेटीच्या एका टोकास एकतीस ते तेहतीस अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकास पंचवीस ते सत्तावीस अंश उष्णता ठेवावी लागते, म्हणजे प्राणी गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाऊ शकतो. उबेचे प्रत्येक साधन नियंत्रकास जोडलेले असलेच पाहिजे. पोटावरचे व्रण काय सांगत होते ते वर आलेच आहे. दोन्ही टोकांस लपावयास एकेक अंधारी जागा हवी, आणि तीही इतकी आवळ की अंग सर्व बाजूंनी टेकावे. हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. पाण्याचे जड पात्र, घट्ट कडीचे झाकण आणि अंग सरळ पसरता येईल एवढी लांबी, इतके साधले म्हणजे ती पेटी न राहता वारूळ होते.

हाताळण्याचेही नियम आहेत. जेवल्यावर दोन दिवस हात लावू नये. कात टाकावयाच्या सुमारास लावू नये. हाती घेण्यापूर्वी आणि ठेवल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडविणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालील मुलांस व दुर्बल वृद्धांस यापासून दूर ठेवावे. गळ्यात घालून मिरविणे तर सर्वथा वर्ज्य. देवाधिदेवाने सर्प गळ्यात धारण केला तो वैराग्याचे भूषण म्हणून. छायाचित्रापुरता त्याचा अलंकार करणे आपणांस शोभत नाही.

शाकाहारी घरचा मांसाहारी पाहुणा

खरा पेच अन्नाचा होता. जगात शाकाहारी साप एकही नाही. दूध हेही त्याचे अन्न नव्हे. सर्पाच्या पोटात दूध पचत नाही. पंचमीला दारी येणारा गारुडी नागाला कित्येक दिवस तहानलेला ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते पितो, आणि पुढे त्या दुधानेच मरतो. हे सत्य आता आपल्याकडील बहुतेक सुज्ञ घरांस ठाऊक झाले आहे. अजगराला उंदीर लागतो, आणि तोही त्याच्या अंगाच्या जाडीइतकाच. वाढत्या पिल्लाला आठवड्यास एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक. परदेशात हे उंदीर गोठविलेल्या स्थितीत मिळतात. ते कोमट करून चिमट्याने द्यावयाचे असतात. जिवंत उंदीर सोडणे क्रूरपणाचे आहेच, शिवाय घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो.

ज्या स्वयंपाकघरात अंडेही येत नाही तेथे हे कसे जमावे? अक्काने दोन दिवस मौन धरिले. मग तिने तीन अटी घातल्या. उंदरांचा शीतकपाट वेगळा असावा आणि तो मोटारीच्या खोलीत ठेवावा. पेटीची सर्व सेवा नातीने स्नानापूर्वी उरकावी. आणि काहीही झाले तरी या जीवाला रानात सोडू नये, न जमल्यास आश्रयस्थानास परत करावे. नातीने तिन्ही अटी लिहून त्यांखाली सही केली. आमच्या मते अक्काने येथे धर्माचा एक सूक्ष्म निर्णय केला. दुसऱ्या जीवाचे अन्न त्याच्या देहाने ठरविलेले असते, आपल्या आचाराने नव्हे. आपला आचार आपण सांभाळावा, त्याचा देह त्याला सांभाळू द्यावा. ज्याला हे मनापासून जमणार नाही त्याने अजगर पाळण्याच्या भरीस पडूच नये. तसे न पाळणे ही काही कमतरता नव्हे.

साठ दिवसांचा उपवास

कार्तिकात अजगर घरी आला आणि त्याने अन्न सोडले. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, महिना लोटला. नात रोज रडे. आपण देवाला उपाशी मारीत आहोत, हे पाप आपल्या माथी येणार, असा धसका अक्काने घेतला. तिने एकदा गुपचूप दुधाची वाटीही पेटीपाशी नेली होती. नातीने तिचा हात धरून, आजी, दूध नको, असे म्हटले तेव्हा ती थांबली. प्राण्यांच्या वैद्यांनी तपासून सांगितले की, छाती स्वच्छ आहे, तोंड निरोगी आहे, या जातीचे नर थंडीच्या दिवसांत महिनोन्महिने जेवत नाहीत, त्यातून जागा नवी. वजन लिहीत जा आणि त्याला त्रास देऊ नका.

त्या काळात अक्काने एकनाथी भागवतातील अजगराचा प्रसंग पुन्हा काढून वाचला, आणि नातीला इंग्रजीत समजावून दिला. सायंकाळी दोघी आजी-नात वजनाची वही घेऊन बसत. सव्वा किलोचा प्राणी दोन महिन्यांत जेमतेम पन्नास ग्रॅम उतरला होता. त्याच वहीकडे पाहता पाहता नातीच्या ध्यानी आले की, लपावयाची जागा फार ऐसपैस आहे. तिने ती काढून आवळ अशी दुसरी ठेवली आणि पेटीची समोरची काच कापडाने झाकली. साठाव्या दिवशी रात्री, घरात सामसूम झाल्यावर, त्याने पहिला घास घेतला. आम्हांस दूरध्वनी आला तेव्हा येथे पहाट झाली होती. अक्काला बोलवत नव्हते. “सोडला रे उपवास त्याने,” एवढेच ती म्हणाली.

आज त्या गोष्टीला कित्येक महिने झाले. नात आता त्याला फारसे हातात घेत नाही. “तो त्याच्या घरात बरा असतो,” असे ती म्हणते. पाळण्याच्या हौसेतून सुरुवात झाली, पण मिळाली ती न धरता सांभाळण्याची शिकवण.

आपल्या देशी काय?

हे वाचून आमच्या एखाद्या तरुण वाचकाच्या मनात इच्छा उत्पन्न होईल, म्हणून स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. आपल्या रानांतील भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. नाग, धामण यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. परदेशी राजेशाही अजगराविषयी २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय करारातील अशा प्राण्यांची शासनाकडे नोंद करणे त्यामुळे बंधनकारक झाले, आणि २०२४ मध्ये त्यासाठी नियमही निघाले. परवान्याशिवाय सामानात लपवून आणलेले असे अजगर मुंबई व चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले जातात. पिशव्यांत गुदमरलेले ते जीव पाहिले म्हणजे पाळण्याची हौस मनातल्या मनात विरून जाते. ज्याचे कागद नाहीत असा प्राणी कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये.

आपल्याकडे अजगर पाहावयाचा असेल तर पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानात मुलांना घेऊन जावे. घरात वा अंगणात साप निघाल्यास काठी न उचलता, त्याच्यापासून दूर राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि पंचमीस गारुडी दारी आलाच तर त्याला चार पैसे द्यावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण टोपलीतल्या नागासमोर दुधाची वाटी ठेवू नये. गिऱ्हाईक नाही असे झाले म्हणजे नाग पकडणेही थांबते.

अक्काच्या प्रश्नाला आमचे उत्तर अखेर असे ठरले. पूजा करणे आणि पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूजेला एक दिवस आणि एक पाट पुरतो, पाळावयास तीस वर्षे लागतात. पूजेत आपण मागतो, पाळण्यात आपण देतो. ज्या देशात कायदा संमती देतो, घरातील वडील माणसे शब्द देतात, आणि प्राणी रानातून ओरबाडलेला नसतो, तेथे हे देणे पाप नव्हे. त्याव्यतिरिक्त सर्व ठिकाणी अजगराचे खरे घर रानातच आहे आणि त्याला तेथे राहू देणे हीच त्याची पूजा होय.

आज सकाळी लेस्टरच्या घरीही पाट मांडला गेला असेल. गंधाचा नाग, त्यावर लाह्या, शेजारी दिंडांचा नैवेद्य. पलीकडच्या खोलीत व्रणांचा तो पाहुणा अंधाऱ्या जागेत स्वस्थ पडून असेल. त्याच्या पात्रात नातीने ताजे पाणी भरले असेल, दूध नव्हे. नागोबा प्रसन्न व्हावा, यासाठी याहून अधिक काय करावे?